एक पुस्तक, एकवीस मुले

पहिलीच्या वर्गात वर्षभर काय शिकवतात, असे विचारले तर बहुतेक लोक 'अक्षरे आणि आकडे' असे सांगतात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. मूल आधी एका जागी बसायला शिकते. मग दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबायला शिकते. धुळीत बोट फिरवून उभी रेघ, आडवी रेघ, गोल काढायला शिकते. त्यानंतर अक्षर येते. या सगळ्याबरोबर मास्तरने न शिकवलेल्या काही गोष्टीही ते शिकून बसते, आणि मास्तरला त्या कळायला वेळ लागतो. मला एक वर्ष लागले.

मी पुढे वृत्तपत्रात गेलो आणि नोकरीची बहुतेक वर्षे तिथेच गेली. त्याआधी, निजामी अमलात, शिरड शहापूरपासून दोन कोसांवरच्या एका लहान गावात प्राथमिक शाळेचा एकटा मास्तर होतो. वर्ग चार, मुले चौतीस. त्यांतली एकवीस पहिलीत. जसजसे वर जावे तसतशी मुले शेताकडे आणि जनावरांकडे गळत, त्यामुळे शाळा म्हणजे मुख्यतः पहिलीच.

शाळेला इमारत नव्हती. रहीमभाई पिंजारी यांच्या लांब पडवीत आम्ही बसत असू. पडवीच्या एका टोकाला त्यांचे कापूस पिंजण्याचे काम चाले, दुसऱ्या टोकाला आमचे. मुले घरी जाताना केसांत कापूस घेऊन जात. जागेच्या मोबदल्यात त्यांनी कधी काही मागितले नाही. "माझं पोरगं बी इथंच बसतंय, गुरुजी. तकलीफ कसली," एवढेच म्हणत. ते पोरगे म्हणजे उस्मान, पहिलीत होता.

महायुद्ध चालू होते. कागद मिळत नव्हता आणि नवी पुस्तके येणे थांबले होते. पहिलीच्या एकवीस मुलांत वाचनाचे पुस्तक एक. फळाही एकच, तो तिसरी-चौथीच्या गणितांना लागे. म्हणून पहिलीसाठी जुनी पद्धत काढली. मधोमध एक लाकडी पाट, पाटावर पुस्तक, भोवती कडे करून मुले. प्रत्येकापुढे धूळपाटी, म्हणजे विटेची बारीक पूड पसरलेली फळी. मी पुस्तकातल्या अक्षरावर काडी ठेवायची, मुलांनी ते म्हणायचे आणि आपापल्या धूळपाटीवर बोटाने काढायचे. निम्मी मुले कड्यात, निम्मी चिंचोके मोजायला, मग अदलाबदल. धूळपाटी उचलून दाखवता येत नाही, पूड सांडते. ती मी माझ्या जागेवरून पाहत असे. बरोबर दिसली तर 'ठीक', चुकलेली दिसली तर 'पूस'.

मुलांच्या जागा ठरलेल्या होत्या. पाटलाचा नातू माझ्या शेजारी. उस्मान डाव्या हाताला, बापाची कापूस पिंजायची धनुकली दिसेल असा. आणि माझ्या बरोबर समोर, दाराकडे पाठ करून, गंगू.

गंगू धनगराची. घरी शेती थोडी, मेंढरे जास्त. सकाळी मेंढरे वाड्यातून सुटल्याशिवाय तिला येता येत नसे, म्हणून ती सगळ्यांत शेवटी येई आणि उरलेली जागा तिला मिळे. उरलेली जागा नेहमी तीच असे. वय सातेक वर्षे. बोलणे कमी, पण बोलली की पुढच्याची पंचाईत.

आकड्यांच्या वेळी तिच्याशी माझा पहिला खटका उडाला. लहान मुलांना मोजणी शिकवताना घरच्या वस्तू विचाराव्यात, असे आम्हाला शिकवलेले होते. चुली किती, बैल किती, याप्रमाणे. मी तिला विचारले, "तुमच्याकडं मेंढरं किती?"

"हायत."

"किती हायत?"

"लई हायत."

मी पुन्हा विचारले. तिने तोंड मिटून घेतले. असे चार दिवस चालले. चिंचोके ती पन्नासपर्यंत न चुकता मोजत असे, मेंढरांवर आले की गप्प. पाचव्या दिवशी तिचा बाप धोंडिबा खांद्यावर काठी टाकून पडवीच्या दारात उभा राहिला.

"गुरुजी, पोरीला जितराब मोजाय काहून सांगून राहिले?"

"मोजायला नको?"

"न्हाई. मोजलं की कमी होतंय. आमी कधी मोजत न्हाई."

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं?"

"तुमचं एखादं पोरगं आलं न्हाई तर तुमी मोजून काढता का तोंड बघून?"

मी हजेरी तोंड बघूनच मांडत होतो. त्या दिवसापासून मेंढरे सोडून दिली आणि मोजणी चिंचोक्यांवर ठेवली.

पाढ्यांची गोष्ट निराळी होती. पाढे चालीवर पाठ होतात, हे कोणीही मास्तर सांगेल. आमच्या पडवीत चाल रहीमभाईंची होती. त्यांची लाकडी मोगरी धनुकलीच्या तातेवर पडे, तात झणझणे, आणि मुले त्या टोल्यावर 'बे एके बे, बे दुणे चार' म्हणत. मला काही करावे लागत नसे. पावकी-निमकीपर्यंत, म्हणजे पाव-अर्ध्याच्या पाढ्यांपर्यंत, गाडी आपोआप जाई. याचा मला थोडा अभिमान होता. बाजाराच्या दिवशी रहीमभाई गावात नसत आणि मुले पाढ्यात अडखळत, ते मी बाजाराच्या दिवसावर ढकलत असे.

त्या वर्षी हिवाळ्यात वरून पत्र आले. एकशिक्षकी शाळांची तपासणी होणार; जिथे पहिलीची मुले वाचत नाहीत ती शाळा बंद करून मुले मोठ्या शाळेत जोडणार. आमच्यासाठी मोठी शाळा म्हणजे शिरड शहापूर. दोन कोस अंतर आणि मध्ये ओढा. सहा-सात वर्षांचे मूल रोज तिथे जाणार नाही, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होते. पत्र मी चावडीवर वाचून दाखवले. धोंडिबा एवढे म्हणाला, "शाळा गेली तर पोरगी मेंढरामागं. दुसरं काय."

तपासणीस आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर, औंढ्याकडून, बैलगाडीतून. मूळचे हिंगोलीचे, मुसलमान, पिकल्या दाढीचे, शिस्तीचे गृहस्थ. त्यांना गावोगाव नुसते 'साहेब' म्हणत. मराठी ते मोठेपणी शिकले होते आणि ती चांगली बोलत. अहवाल उर्दूत लिहून सरकारी दप्तरात पाठवायचा आणि गावाला कळावा म्हणून शाळेच्या शेरेबुकात मराठीत शेरा लिहायचा, अशी त्यांची रीत होती. मराठी अक्षर सुटे, गोल आणि मोठे, मोठेपणी शिकलेल्या माणसाचे असते तसे.

तपासणीचा नियम असा की मास्तरने भिंतीशी उभे राहायचे. बोलायचे नाही, खुणावायचे नाही. मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मास्तरच्या चेहऱ्यावर दिसले तरी ते खुणावणेच धरले जाई. मी भिंतीशी उभा राहिलो. दारात पाटील, धोंडिबा आणि आणखी सात-आठ माणसे जमली.

साहेबांनी खाली सतरंजीवर बैठक मारली, पुढे लिहायची उतरती पेटी ठेवली आणि पहिली गोष्ट केली ती ही, की रहीमभाईंना काम थांबवायला सांगितले. आवाजात मुलांचे ऐकू येत नाही, हे कारण रास्त होते. मग त्यांनी पाढे विचारले. मुलांनी 'बे एके बे' म्हटले आणि रहीमभाईंकडे पाहिले. 'बे दुणे' वर दोघे पुढे गेले, चौघे मागे राहिले. तीनाच्या पाढ्यात सगळे वेगवेगळ्या ठिकाणी होते. चाराचा पाढा सुरूच झाला नाही.

"साहेब," रहीमभाई कोपऱ्यातून अदबीने म्हणाले, "हुकूम असंल तर दोन टोले मारू का?"

"कशाला?"

"लेकरं बराबर चालतील."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि कागदावर काहीतरी टिपले. टोले मारायला सांगितले नाही.

मग एकेकाला पुढे बोलावून वाचन. पाटलाचा नातू नीट वाचून गेला. दुसरा उस्मान. त्याने पुस्तक हातात घेतले, कुशीवर आडवे फिरवले आणि भरभर वाचले. साहेबांनी पुस्तक सरळ करून त्याच्या हातात दिले. उस्मान थांबला. पुन्हा आडवे केले, पुन्हा वाचले.

"बस," साहेब म्हणाले. "ती पोरगी येऊ दे."

गंगू पुढे आली. साहेबांनी आधी आकडे विचारले, आणि जे विचारू नये तेच विचारले. "कोणाची? धनगराची? मेंढ्या किती तुमच्या घरी?"

"हायत."

"किती?"

तिने दारात उभ्या बापाकडे पाहिले आणि तोंड मिटले. मी भिंतीशी. साहेबांनी टिपले. मग पुस्तक तिच्या हातात दिले. तिने ते उलटे केले, पूर्ण उलटे, वरची बाजू स्वतःकडे, आणि वाचायला लागली. जवळच्या ओळीपासून दूरच्या ओळीकडे, उजवीकडून डावीकडे.

"ही मराठी वाचून राहिली का उर्दू?" साहेबांनी विचारले. दारातली माणसे हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी पुस्तक सरळ धरले, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले. गंगूला तो आला नाही. दुसऱ्यावर ठेवले. तोही आला नाही.

मला भीतीपेक्षा आश्चर्य जास्त वाटले. मी गंगूला वर्षभर रोज वाचताना ऐकले होते.

साहेबांनी पुस्तक मिटले. "मास्तर, उलटं पुस्तक धरून धडे म्हणणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. पाठांतर आहे. तुमच्याबद्दल माझं काही वाईट मत नाही." ते शेरेबुक उघडून लिहायला लागले. गंगूला 'जा' म्हणायचे ते विसरले. ती पेटीपुढे, त्यांच्या समोर, तशीच उभी राहिली.

त्यांची लेखणी चालू होती आणि तिचे ओठ हलत होते. आधी मला वाटले, रडते आहे. मग आवाज आला.

"पहिलीच... पहिलीच... मुलांना... अक्षरे... येत... नाहीत."

लेखणी थांबली. साहेबांनी मान वर केली नाही. त्यांनी सावकाश पुढचे चार शब्द लिहिले.

"धडे... तोंडपाठ... करून..." गंगू अडली. वाकून पाहिले. मग मान वळवून मला विचारले, "गुरुजी, ह्ये कोणतं अक्षर हाय? आमाला न्हाई शिकवलं."

ते अक्षर 'म्ह' होते. जोडाक्षरे पहिलीत शिकवत नाहीत. ती दुसरीत येतात. 'पहिलीच्या' मधल्या 'च्या'वर ती दोनदा अडखळली होती तेही त्याचमुळे.

नियम मोडून मी बोललो. "साहेब, तिनं ही ओळ आजवर कुठं ऐकलेली नाही."

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "आत्ताच लिहिली."

त्यांनी कोरा कागद घेतला, तिच्यासमोर पेटीवर ठेवला, स्वतःच्या बाजूने सरळ असे एक वाक्य लिहिले आणि लेखणी खाली ठेवली.

गंगूने वाचले, "साहेब आज दही भात खातील." मग थांबून म्हणाली, "दही न्हाई मिळायचं, साहेब. ताक हाय."

या वेळी साहेब हसले. उठले, पाटाजवळ आले. "सगळी पहिली रोजच्या जागेवर बसवा." निम्मी मुले कडे करून बसली. साहेबांनी एकेक कोरा कागद पाटावर ठेवून त्यावर जोडाक्षर नसलेली वाक्ये लिहायला सुरुवात केली. गावातली, घरातली, कोणत्याही पुस्तकात नसलेली. नदीला पाणी नाही. उसमानची टोपी लाल. पाटील झोपले. प्रत्येक वाक्य वेगळ्या मुलाला. डावीकडच्यांनी डावीकडून वाचले, उजवीकडच्यांनी उजवीकडून, समोरच्यांनी समोरून. काही सावकाश वाचत होती, एक-दोघे चुकले, पण वाचत होती. निम्मी झाल्यावर उरलेली निम्मी बसवली. एकवीसही मुले झाली. 'पाटील झोपले' वाचणाऱ्या पोराने पाटलांकडे पाहून खात्री करून घेतली.

मग साहेबांनी धूळपाट्या पाहिल्या. माझ्या जागेवरून नाही. प्रत्येक मुलाच्या मागे उभे राहून. समोरच्या मुलांनी काढलेले 'क' त्यांना उलटे दिसले, बाजूच्यांचे आडवे.

"मास्तर, तुम्ही बसता कुठं?"

"इथं."

"रोज?"

"रोज."

"आता तिकडं बसा." त्यांनी गंगूची जागा दाखवली.

मी जाऊन बसलो. त्यांनी पुस्तक पाटावर ठेवले, माझ्या नेहमीच्या जागेकडे तोंड करून. "वाचा."

मी वाचायला लागलो आणि दुसऱ्याच शब्दाला अडलो. एक 'म' मी 'भ' वाचला. कड्यातून खुसखुस झाली. उस्मान म्हणाला, "गुरुजी, रोज बसा तिकडं. येतंय हळूहळू." रहीमभाईंनी त्याला डोळे वटारले, पण साहेबांनी हात वर करून राहू द्या म्हटले.

वर्षभर काय घडले होते ते मला तिथे बसून कळले. मुले माझ्या बाजूचे अक्षर माझ्याकडून शिकली नव्हती. त्यांना आपापल्या जागेवरून जे दिसले ते ती शिकली होती, आणि अचूक शिकली होती. त्यातला वाईट भाग असा. एखाद्या समोरच्या पोराने स्वतःच्या डोक्याने अक्षर सरळ काढलेले असे, तेव्हा ते मला उलटे दिसे आणि मी 'पूस' म्हणत असे. किती वेळा म्हटले, याची नोंद नाही. गंगूला तर नक्की म्हटले होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने तसे काढणे सोडले, एवढे आठवते. शहाणे मूल पुसायला सांगितले की पुसते. वृत्तपत्रातल्या नोकरीत माझ्या हातून चुका झाल्या, दुरुस्त्या छापाव्या लागल्या. त्यांतली एकही एवढी लागली नाही.

साहेबांनी मला फार बोल लावला नाही. "पाट फिरवा," एवढेच म्हणाले. "किंवा तुम्ही फिरा." मग कोपऱ्याकडे वळले. "रहीमभाई, तुमची धनुकली चालू करा. पाढे ऐकायचे आहेत."

तात झणझणली. मुलांनी दोनापासून दहापर्यंतचे पाढे म्हटले आणि पावकीही म्हटली. टोल्याला टोला. चाराच्या पाढ्यावर साहेबांचे बोट पेटीवर ठेका धरत होते. मेंढरांचा प्रश्न तेवढा राहिला होता. तो धोंडिबाने स्वतःच काढला. दारातून म्हणाला, "साहेब, पोरीला मोजणी येते. मेंढरं सोडून कायबी इचारा." साहेबांनी तिला पडवीतली माणसे मोजायला सांगितली. तिने मुले, माणसे, साहेब आणि गाडीवान मिळून आकडा सांगितला. पाटलांनी पुन्हा मोजले. एक कमी आला. गंगू म्हणाली, "तुमी सोताला धरलं न्हाई."

साहेब बैठकीवर परत गेले. शेरेबुकातल्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली, रेघेखाली सही केली आणि नवा शेरा लिहिला. त्यात माझ्याबद्दल एक वाक्य होते, ते योग्य होते आणि इथे देत नाही. पुस्तकांची मागणी होती. ती पुढच्या पावसाळ्याआधी पुरी झाली, सहा पुस्तके आली. पाट आम्ही दुसऱ्या दिवसापासून रोज पाव वळण फिरवला. समोरच्या आणि बाजूच्या मुलांना सरळ वाचायला दोन आठवडे लागले. लिहायला जास्त लागले. उलटे वाचणे मात्र त्यांच्यातून कधीच गेले नाही, आणि कड्यात वर्षभर सरळ बाजूला बसलेल्या पाटलाच्या नातवाला ते तसे कधीच आले नाही. त्याबद्दल तो रडला होता.

शेरा गावाला वाचून दाखवायचा असतो. ते काम मास्तरचे. मी शेरेबुक घ्यायला हात पुढे केला, तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही नको." त्यांनी ते पेटीवर उघडे ठेवले, स्वतःकडे तोंड करून, आणि गंगूला समोर उभे केले. पडवीच्या दारात आता बरीच माणसे होती. बायकाही आल्या होत्या. त्यांतल्या फार तर तिघांना अक्षर येत होते.

ती वाचत होती. जोडाक्षर आले की बोट ठेवून माझ्याकडे पाहायची, मी ते सांगायचो, ती पुढे जायची. ऐकणाऱ्यांत कोणी खोकले तर शेजारचे त्याला गप्प करत. पुस्तकांचे झाले. पाढ्यांचे झाले. शेवटच्या ओळीत तीनच शब्द होते आणि त्यांत जोडाक्षर नव्हते. तिने माझ्याकडे न पाहता वाचले.

"शाळा चालू ठेवावी."

धोंडिबा गर्दीतून पुढे आला, कागदावर वाकला, आणि जिथे तिचे बोट होते तिथे पाहत राहिला.

"हितं लिहिलंय?" त्याने विचारले.

"व्हय."

"परत वाच."

तिने परत वाचले. तो तसाच वाकून उभा होता, म्हणून तिने तिसऱ्यांदा वाचले.